मिठागरावरची बाई

एकदा एका वृद्ध चित्रकाराने भर प्रदर्शनात असे काही केले, की जमलेली माणसे गालातल्या गालात हसली आणि त्या चित्रकाराच्या शिष्याची मान खाली गेली. गोष्ट त्या शिष्याची आहे.

दिवाकर त्याचे नाव. वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून. घरात चित्रकलेचे वारे कधी शिरलेले नव्हते. पण मुलाच्या बोटांत कसब होते आणि मनात एक चीड होती. त्या काळी घरोघरी भिंतींवर जी चित्रे लागत, ती त्याला पाहवत नसत. घागर कमरेवर घेऊन हसणारी गोरीपान पोर, नथ घालून भात लावणारी शेतकरीण, अंगावर घामाचा टिपूस नसलेला नांगऱ्या. "या बायांच्या टाचांना भेगा का नाहीत?" तो म्हणे. "यांच्या हातांचे घट्टे कुणी पुसले? गाव असा नसतो. राबणं असं नसतं." खरे राबणे जसे दिसते तसे काढायचे, पाहणाऱ्याला अस्वस्थ करून सोडायचे, हा त्याचा ध्यास होता.

त्याच्या गुरुजींना ही चीड आवडे. गुरुजींनी स्वतः जन्मभर कष्टकरीच काढले होते: बंदरावरचे हमाल, खाणीतले पाथरवट, लावणीच्या बाया. मात्र त्यांची एक रीत होती. ते कुणालाही समोर उभे करून काढत नसत. माणसांबरोबर चालत, ती टेकली की त्यांच्याजवळ टेकत, त्यांच्यातली भाकरी मिळाली तर खात, आणि घरी येऊन आठवणीतून काढत. त्यामुळे त्यांच्या चित्रांतली माणसे चालत तरी असत, नाही तर विसावलेली. पावले पुष्कळदा पुसट असत. शिष्यमंडळी आपसांत म्हणत, गुरुजींची नजर आता अधू झाली, तपशील सुटायला लागले. दिवाकरही तसे म्हणे, फक्त आवाज उतरवून.

एका उन्हाळ्यात त्याने खाडीकाठच्या मिठागरांवर जायचे ठरवले. निघताना गुरुजींच्या पाया पडला, तेव्हा ते म्हणाले, "गेल्या गेल्या कागद काढू नकोस. काही दिवस नुसता हिंड. माणसांना तुझी सवय होऊ दे."

"आणि तेवढ्यात हवा तो उजेड निघून गेला तर?"

"उजेड दुसऱ्या दिवशीही येतो," गुरुजी म्हणाले.

मिठागर पाहिले आणि दिवाकरचे डोळे दिपले. दूरवर पसरलेले उथळ वाफे, त्यांत साकळलेले मीठ, मधून जाणारे चिखलाचे अरुंद बांध आणि टोकाला उन्हात झगमगणाऱ्या पांढऱ्या राशी. वाफ्यातले ओले मीठ टोपलीत भरायचे, दोघींनी मिळून ती तिसरीच्या डोक्यावर चढवायची, आणि तिने बांधावरून चालत जाऊन राशीवर ओतायची. बायांची रांग अखंड चालू होती. सगळ्या अनवाणी. खाऱ्या पाण्याने पायांची कातडी पांढरी पडून जागोजागी उलली होती. चढवलेली टोपली रिकामी व्हायची ती राशीवरच. मध्येच एकटीने खाली ठेवायला गेले तर मीठ चिखलात जाणार.

गुरुजींचे सांगणे तो पहिल्याच सकाळी विसरला. उजेडच तसा होता. मुकादमाला शहरातून चित्रकार आल्याचे अप्रूप वाटले. तो म्हणाला, "कोणती पाहिजे, सांगा." दिवाकरने रांगेतल्या एका बाईकडे बोट केले. चाळिशीची, उंच, काटक.

"ए चांगुणा," मुकादम ओरडला, "तिथंच उभी राहा. साहेब चित्र काढतायत."

चांगुणा बांधावर थांबली. डोक्यावर भरलेली टोपली होती. "ठेवू का खाली?" तिने विचारले.

"नको, नको," दिवाकर घाईने म्हणाला. "टोपलीसकटच हवं. थोडंच थांबायचंय, ताई."

तो उद्धट माणूस नव्हता. ताई म्हणाला तो मनापासून. पण त्याचे लक्ष कागदावर गेले आणि थोड्याचे पुष्कळ झाले. मागच्या बायांना वाट सोडून चिखलात उतरावे लागत होते. "चांगुणे, तुझा फोटो निघतोय," म्हणून एक हसली. पुढच्या खेपेला तीच बाई चांगुणाकडे पाहून गप्प पुढे गेली.

सुरुवातीला चांगुणाची मान सरळ होती, चेहरा निवांत होता, आणि दिवाकरला जे हवे होते ते त्यात नव्हते. हळूहळू ते येऊ लागले. गळ्याच्या शिरा वर आल्या. खांद्याची हाडे ताठरली. टाचा चिखलात रुतल्या आणि पायांची बोटे आधार शोधत वळली. टोपलीतून पाझरणारे खारे पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरत होते, पण दोन्ही हात वर असल्यामुळे तिला ते पुसता येत नव्हते. दिवाकरचा कोळसा भराभर चालू लागला. आजवर कुणी काढले नाही ते हेच, असे त्याला वाटले, आणि त्याचा ऊर भरून आला. डोळेही भरून आले असतील.

"दादा," चांगुणा म्हणाली, "जरा हात लावा. खाली ठेवते, मग परत घेते."

"एवढी मान होऊ द्या, ताई. झालंच."

तिने पुन्हा विचारले नाही.

चित्र झाले. "झालं," असे दिवाकर म्हणाला तेव्हा चांगुणाने पाऊल उचलले, पण पायात जीव उरला नव्हता. तिचा गुडघा बांधावर आपटला, मान एका अंगाला हिसडली गेली आणि टोपलीतले मीठ शेजारच्या पाण्यात सांडले. दिवाकर धावला, हे खरे. पण धावण्याआधी त्याने कागद पिशवीत सरकवला, त्यावर चिखल उडू नये म्हणून.

मुकादम ओरडला तो चांगुणावर. ती मानेला हात लावून थोडा वेळ बसली, मग उठली, रिकामी टोपली घेतली आणि वाफ्याकडे जाताना दिवाकरला म्हणाली, "तुमचं झालं ना पण?"

"झालं," तो म्हणाला. "फार उपकार झाले."

दुपारच्या बसने तो परतला. वाटेत त्याला मिठागर आठवले, उजेड आठवला, ती मान आठवली. गुडघा आठवला नाही.

त्या कोळशाच्या चित्रावरून त्याने मोठे तैलचित्र केले आणि त्याला ‘भार’ असे नाव दिले. टोपलीच्या सावलीत बाईचा चेहरा काळोखात गेलेला. उजेड सगळा गळ्यावर, खांद्यांवर आणि चिखलात रुतलेल्या पावलांवर. शहरातल्या मोठ्या दालनात ते लागले. पाहणारे पुढे सरकेनात. एक बाई पदराने डोळे टिपत म्हणाली, "त्या मानेकडे बघवत नाही हो." एका जाणकाराने म्हटले, की इतके खरे चित्र त्याने वर्षानुवर्षांत पाहिले नव्हते. नव्याने घर बांधलेल्या एका व्यापाऱ्याने ते पहिल्याच दिवशी विकत घेतले. शेठजी भला माणूस होता. म्हणाला, "आमच्या पोराबाळांना कळू दे, ताटातलं मीठ कुठून येतं ते."

त्याच संध्याकाळी गुरुजी आले. गर्दीने वाट करून दिली. दिवाकर मागे उभा राहिला. त्याला वाटत होते, आज गुरुजी पाठीवर हात ठेवतील. गुरुजी चित्राच्या अगदी जवळ गेले. वाकून पावलांपाशी पाहिले, मग गळ्यापाशी. आणि मग त्यांनी दोन्ही हात वर उचलले, तळवे वर करून चित्रातल्या टोपलीच्या खाली धरले, आणि तसेच उभे राहिले.

माणसे एकमेकांकडे पाहू लागली. वय झाले की असे होते, अशा अर्थाचे हसू काही ओठांवर आले. दालनाचा पहारेकरी लगबगीने पुढे झाला. "बाबा, हात लावू नका," तो म्हणाला.

गुरुजींनी हात खाली घेतले. "नाही लावत," ते म्हणाले. "उशीर झाला." आणि कुणाशी न बोलता निघून गेले.

दिवाकरला राग आला, लाज वाटली, आणि या दोहोंच्या तळाशी कसली तरी धास्ती वाटली. सकाळ होताच तो गुरुजींकडे गेला. ते अंगणात बसून कुंचले धूत होते.

"गुरुजी, चित्रात काही चुकलं का?"

"रेषेत काही चुकलेलं नाही. तुझा हात माझ्या पुढे गेला."

"मग काल तुम्ही ते काय केलंत?"

गुरुजींनी उलट विचारले, "ती बाई का उभी आहे?"

दिवाकरला प्रश्न समजला नाही.

"ओझं घेतलेलं माणूस उभं राहत नाही, दिवाकर," गुरुजी म्हणाले. "ते चालतं. चालताना ओझं संपत येत असतं, प्रत्येक पावलागणिक. थांबलं की ते वाढायला लागतं. म्हणून ज्याच्या डोक्यावर भार आहे तो वाटेत बोलतसुद्धा नाही, तो पुढे जाऊ बघतो. तुझ्या बाईची दोन्ही पावलं जोडलेली आहेत. टाचा रुतल्या आहेत. चालता चालता टाच अशी रुतत नाही. म्हणजे हिला कुणीतरी थांबवलं, आणि बराच वेळ थांबवलं. मुकादम काही थांबवणार नाही, त्याला खेपा हव्या असतात. मग मी बघितलं, हिच्या समोर कोण आहे. चित्रातल्या माणसाच्या समोर जो असतो, तो काढणारा असतो."

दिवाकर खाली बसला. मग त्याने सगळे सांगितले: मुकादमाचे ओरडणे, हात लावा म्हणालेली चांगुणा, सांडलेले मीठ, पिशवीत सरकवलेला कागद. सांगताना त्याला पहिल्यांदाच तो गुडघा बांधावर आपटल्याचा आवाज आठवला.

"मी खोटं काढलं का, गुरुजी?"

"खोटं असतं तर माझे हात वर गेले नसते. तू अगदी खरं काढलंस. पण त्या गळ्यावर ज्या शिरा आहेत, त्या मिठागराने दिलेल्या नाहीत. त्या तू दिल्यास."

"मी तिच्यासाठीच काढत होतो. लोकांना कळावं म्हणून."

"ते मला माहीत आहे. मन वाईट असतं तर इतकं जीव लावून काढता आलं नसतं." गुरुजींचा आवाज मऊ झाला. "दुःख मांडायला बसलेल्या माणसाला एक धोका असतो, बाळ. मांडणी चांगली होत गेली, की त्याला ते दुःख आणखी थोडा वेळ टिकावंसं वाटतं. ते हलकं झालं तर त्याचं काम अर्धवट राहतं. तुझ्यापुढे तिने मदत मागितली, आणि त्याच क्षणी तुला तिची मान सर्वांत सुंदर दिसत होती. दोन्ही एकदम होणार नव्हतं. तू निवड केलीस, आणि निवड केल्याचं तुला कळलंही नाही. मला काल वाईट वाटलं ते याचं."

प्रदर्शन आटोपून चित्र शेठजींच्या घरी गेल्यावर काही दिवसांनी दिवाकर तिथे गेला. चित्र दिवाणखान्यात लागले होते, पलीकडच्या जेवणाच्या पंगतीतून दिसेल अशा जागी. त्याने ते परत मागितले.

"परत?" शेठजींना आश्चर्य वाटले. "का हो? दुसरं कुणी मागतंय का?"

"नाही. माझी चूक झाली आहे त्यात."

शेठजींनी चित्राकडे निरखून पाहिले. "मला तर कुठं दिसत नाही. उलट आमच्याकडे जेवायला येणारा ती मान बघून घास हातात धरून थांबतो. असं चित्र द्यायचं नसतं, दिवाकरराव. सरबत घ्या." त्यांनी खरोखरच प्रेमाने आग्रह केला. दिवाकरने ते सरबत कसेबसे संपवले आणि तो निघाला.

मग तो मिठागरावर गेला. हंगाम सरत आला होता, वाफे सुकत चालले होते. रांगेत चांगुणा नव्हती. मुकादमाने गोदामाकडे हात केला. तिथे पत्र्याच्या सावलीत दोन-तीन बायांसोबत ती गोणी शिवत बसली होती. हाक मारली तेव्हा ती सबंध अंगाने वळली. मान एकटी वळत नव्हती.

"चित्रवाले," तिने ओळखले. "आलात व्हय? बसा."

दिवाकर गोणपाटावर बसला. म्हणाला, "तुमची मान माझ्यामुळे गेली."

चांगुणाने सुई थांबवली. "मान आधीपासून दुखायची," ती म्हणाली. "इथं सगळ्यांचीच दुखते. त्या दिवशी पडले त्यानं झालं का आपसूक झालं, कुणी सांगावं? डोक्यावर घ्यायचं बंद झालं एवढं खरं."

"मी हात लावायला हवा होता."

"लावायला हवा होता," ती सरळपणे म्हणाली. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते त्याला अधिक लागले. तो क्षमा मागायला आला होता. ती रागावली असती तर त्याला बरे वाटले असते.

थोड्या वेळाने तिनेच विचारले, "चित्र लागलं का कुठं?"

"लागलं. पुष्कळ लोकांनी पाहिलं."

"माझं तोंड कसं आलंय?"

दिवाकरने खाली पाहिले. "तोंड काळोखात आहे. टोपलीची सावली पडली आहे. दिसत नाही."

"दिसतच नाय?" चांगुणा शेजारणीकडे पाहून हसली, मग तिचे हसू विरले. "एवढा वेळ उभी केलीत, आणि तोंडच नाय काढलंत. मग ती मीच कशावरून?"

दिवाकरच्या सोबतच्या पिशवीत सवयीने कागद होता, पण तो काढायचा धीर त्याला होईना. तिचीच नजर पिशवीकडे गेली. "आता काढताव?"

"तुम्ही म्हणाल तर. कसं काढू?"

"बसून. आणि डोक्यावर काय नको."

ती उठून डब्यातल्या पाण्याने तोंड धुऊन आली. केस सारखे केले, पदर नीट घेतला. दिवाकर काढू लागला. मध्येच तिला कुणी हाक मारली, ती उठून गेली, परत आली. तो तोवर थांबला. गोणी शिवणे चालूच राहिले, बोलणे चालू राहिले, आणि हात हलला की चेहरा हले. रेषा हव्या तशा साधल्या नाहीत. डोळे बरे आले, हनुवटी बिघडली. कागद त्याने तिच्या हातात दिला.

चांगुणा बराच वेळ पाहत राहिली. "एवढी म्हातारी झाले मी?" ती म्हणाली.

शेजारणीने डोकावले. "तूच हायस ग. नाक बघ ना."

"नाक माझंच," चांगुणाने मान्य केले. कागद तिने घडी न घालता एका नव्या गोणीखाली सपाट ठेवला आणि सुईत दोरा ओवायला घेतला.

परतल्यावर दिवाकरने हे सगळे गुरुजींना सांगितले. गुरुजी ऐकत होते.

"नवं चित्र कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"तिच्याकडे. नक्कलसुद्धा ठेवली नाही."

"बरं केलंस. आणि ते पहिलं?"

"शेठजी देत नाहीत."

गुरुजी खिडकीबाहेर पाहत राहिले. "म्हणजे ती तिथे उभीच आहे," ते म्हणाले.

पुढे तो नावारूपाला आला. त्यानेही माणसांबरोबर हिंडायची रीत धरली, आणि त्याच्या चित्रांतली पावलेही पुसट होत गेली. ‘भार’सारखे पुन्हा साधले नाही, असे जाणकार म्हणत, तो ते ऐकून घेई. शेठजींकडून जेवणाची आमंत्रणे वर्षानुवर्षे येत राहिली. काही ना काही निमित्त काढून तो ती टाळत राहिला.

दुसऱ्याचे कष्ट पाहून आपले डोळे भरून येतात, तेव्हा ते पुसण्याआधी एवढे पाहावे, की तो माणूस आपल्याचसाठी ताटकळत उभा तर नाही ना.